उजनीची टक्केवारी सांगता, तसा प्राणवायूही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उजनी किती टक्के भरले, हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरही सांगते. धरणातून भीमेत सुटणाऱ्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, हे मात्र कुणी विचारत नाही. खालचे मासे जगणार की मरणार, ते या आकड्यावर ठरते.

उन्हाळ्यात खोल जलाशयाचे वरचे पाणी तापून हलके होते आणि तळाच्या थंड पाण्यात मिसळेनासे होते. उष्ण प्रदेशात त्याला दोन-तीन अंशांचा फरकही पुरतो. ५ ते ८ अंशांदरम्यान पाण्याची घनता जेवढी घटते, त्याच्या सुमारे सातपट ती २५ ते २८ अंशांदरम्यान घटते. त्यात उजनीला मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून पुणे-पिंपरीचे सांडपाणी येऊन मिळते. त्यावर पोसलेले शेवाळ आणि जलपर्णी मरून तळाला बसतात व कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवतात. मग गाळातून लोह, मँगनीज, फॉस्फरस सुटू लागतात, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतो. असे पाणी खालच्या दारातून किंवा टर्बाइनमधून बाहेर पडले की कुजक्या अंड्यांचा वास येतो, दगडांवर काळपट-तपकिरी थर धरतो आणि मासे काठाला येऊन तोंड वर काढतात. फ्रेंच गयानातील पेटी-सो जलविद्युत धरण १९९४ मध्ये भरू लागल्यावर हेच झाले. शेवटी खाली छोटा बंधारा घालून पाणी त्यावरून कोसळवावे लागले, तेव्हा त्यात हवा मिसळली.

 

दुसरा प्रश्न पाणी सोडण्याच्या वेळेचा. अनेक देशी मासे पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यावर अंडी घालतात. नेमका तोच लोंढा धरण भरण्यासाठी अडतो. धरणाखाली नृसिंहपूरला नीरा नदी येऊन मिळते, तेवढाच काय तो आधार. उन्हाळ्यात सोलापूर शहराच्या पिण्यासाठी भीमेवरच्या औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडतात आणि काम झाले की दारे बंद. पाणी झपाट्याने उतरले की काठावरची अंडी सुकतात, पिल्ले डबक्यांत अडकून मरतात.

उजनीतून थेट सोलापूरला पाणी आणणारी समांतर जलवाहिनी शहराला हवीच. पण तिच्यामुळे नदीतून पाणी सोडायची गरज घटेल आणि भीमेला उन्हाळ्यात निदान आपल्या निमित्ताने मिळणारा ओलावाही जाईल. वाचलेल्या पाण्यातला ठरावीक वाटा नदीसाठी आताच राखून ठेवला पाहिजे. एकदा ते पाणी कालव्यांच्या आवर्तनात गेले की परत मिळणार नाही.

मार्च ते जून दर आठवड्याला भिंतीजवळ पृष्ठभागापासून तळापर्यंत मीटरमीटरवर तापमान आणि प्राणवायू मोजावा. धरणाखालचे मोजमाप पहाटे घ्यावे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा असतो. ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरला सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. धरणाखाली तो ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर शक्य तेथे वरच्या पातळीचे पाणी सोडावे, टर्बाइनच्या निर्गम नळीत हवा घ्यावी. दारे बंद करताना विसर्ग टप्प्याटप्प्याने, काही दिवसांत उतरवावा. कालवा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत पाण्याच्या टक्केवारीशेजारी हे आकडेही मांडले जावेत आणि वर्तमानपत्रांनी ते दर आठवड्याला छापावेत.

— नदी अभ्यासक, सोलापूर