न दिलेल्या बूस्टर डोसची नोंद रद्द करून मिळण्याबाबत

दि. १० जून २०२२

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : मार्केट यार्ड, सांगली येथील शिबिरात सात जणांना लस न देताच ‘प्रिकॉशन डोस (म्हणजेच बूस्टर) दिला’ अशी नोंद केल्याबाबत.

महोदय,

मे महिन्याच्या अखेरीस आपल्या कंपनीने आमच्या यार्डात कोविशील्ड या कोरोनाच्या लसीच्या बूस्टर डोसचं शिबिर घेतलं. माझं आणि शेजारची दोन अशा तीन अडत दुकानांतले हमाल, तोलाईदार, दिवाणजी आणि हळद निवडणाऱ्या बायका मिळून सत्तावीस जणांची नावं मी स्वतः आपल्या प्रतिनिधीकडे दिली होती. माणशी ५५० रुपयांप्रमाणे सगळी रक्कम आगाऊ भरली. प्रत्यक्षात वीस जणांना लस मिळाली. उरलेल्या सात जणांना आपल्या माणसांनी परत पाठवलं. त्याच संध्याकाळी मात्र सत्तावीसच्या सत्तावीस जणांच्या नावे लस दिल्याचे मेसेज आले.

हे लगेच ध्यानात आलं, कारण ज्यांच्याकडे साधे फोन आहेत अशा हमालांची नावं आमच्या दिवाणजींच्या मोबाइलवर नोंदवलेली आहेत. कोविन या सरकारी लस नोंदणीच्या पोर्टलवर एका नंबरवर सहा जणांची नोंद चालते. परत पाठवलेल्यांपैकी तिघांची नावं त्या मेसेजमध्ये होती. दुसऱ्या दिवशी बाकीच्या चौघांना विचारलं, तर त्यांचंही तेच. प्रमाणपत्र उतरवून पाहिलं, तर त्यावर तारीख, बॅच नंबर आणि लस देणाऱ्या सिस्टरांचं नाव, सगळं व्यवस्थित छापलेलं. त्या सिस्टर आमच्यासमोर पेटी बंद करून गाडीत बसल्या होत्या.

घडलं ते असं. आपल्या ऑपरेटरने सुरुवातीलाच सगळ्यांची आधार कार्डं घेतली आणि लॅपटॉपवर नोंदी करत बसला. दोन व्हायल (लसीच्या कुप्या) संपल्यावर सांगण्यात आलं की आता सातच जण उरलेत, दहा झाल्याशिवाय तिसरी फोडता येणार नाही. ही अडचण मला समजते. कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस असतात, आणि ती उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते. लस वाया जावी असं आम्हालाही वाटत नाही. पण सत्तावीस नावं आपल्याकडे आठवडाभर आधीपासून होती. आणखी तीन माणसं हवीत, एवढा एक निरोप आला असता तर पलीकडच्या गाळ्यातून मी ती अर्ध्या तासात उभी केली असती. ते राहू द्या. लस नाही दिली, तर नोंद का केली?

आपल्या ग्राहक सेवेच्या फोनवर मला उत्तर मिळालं की “प्रमाणपत्र आलं आहे, म्हणजे लस दिलेली आहे.” हे उत्तर मला मान्य नाही. दोन व्हायलचे वीस डोस होतात. सराईत हाताला एखाद्या व्हायलमधून अकरावा डोस निघतो असं ऐकलं आहे, तो धरला तरी आकडा बावीसच्या पुढे जात नाही. मग सत्तावीस नोंदी कशाच्या जोरावर झाल्या? आणि कागदावर खर्ची पडलेले ते सात डोस आज कुठे आहेत? आपल्या साठा नोंदवहीत त्या दिवशी किती व्हायल बाहेर काढल्या आणि किती परत ठेवल्या हे लिहिलेलं असणारच. ते पान मला पाहायचं आहे.

आपल्याला ही कदाचित ऑपरेटरची किरकोळ चूक वाटत असेल. त्या सात जणांच्या बाजूने पाहा. त्यांतला एक हमाल ५४ वर्षांचा आहे, दहा वर्षांपासून त्याला साखरेचा त्रास आहे. सरकारी केंद्रात हा डोस सध्या आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि साठीच्या पुढच्यांनाच मोफत मिळतो. १० एप्रिलपासून अठराच्या पुढच्या सगळ्यांना परवानगी मिळाली, पण ती खासगी केंद्रात आणि पैसे भरून. म्हणून तो आपल्या दारात आला. पुराचं पाणी ओसरल्यावर, ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने दुसरा डोस घेतला होता. बूस्टरसाठी त्यानंतर लागणारे नऊ महिने पुरे होण्याची वाट पाहून, ऐन हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यांच्या दिवसांत अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून तो रांगेत उभा राहिला. आज कुठल्याही केंद्रात गेला तरी पडद्यावर त्याचा डोस झालेला दिसतो आणि त्याला परत पाठवलं जातं. पैसे गेले, लस नाही, आणि ती घेण्याची वाटही आपण बंद केली.

शिवाय यार्डातली माणसं लसीसाठी सहज तयार झालेली नव्हती. २०२१ च्या एप्रिलमध्ये ४५ च्या पुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा इथे निम्मे लोक नाहीच म्हणत होते. सुई घेतली की ताप येतो, ताप आला की पोतं उचलता येत नाही, आणि पोतं उचललं नाही तर घरात पैसा येत नाही. हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. आम्ही दुकानदारांनी दोन दिवसांची मजुरी देण्याचं कबूल केलं, घरी जाऊन बायकामाणसांशी बोललो, आणि दुसऱ्या लाटेत आमचा एक जुना तोलाईदार गेला तेव्हा कुठे बाकीचे हलले. आता हेच लोक मला विचारतात, “शेठ, आमच्या पहिल्या दोन सुयांचं तरी खरं होतं का?” ते खरंच होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण हा प्रश्न त्यांच्या मनात आपल्यामुळे आला, आणि याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

पैशांचंही सांगतो. कोविशील्डची खासगी केंद्रांसाठीची किंमत एप्रिलपासून २२५ रुपये आहे. त्यावर पाच टक्के जीएसटी आणि सेवा शुल्क जास्तीत जास्त १५० रुपये, म्हणजे ३८६ रुपये २५ पैसे. आपण ‘शिबिर खर्च’ म्हणून ५५० घेतले. लस घेतलेल्या वीस जणांचे जादा घेतलेले ३,२७५ आणि न घेतलेल्या सात जणांचे ३,८५० असे ७,१२५ रुपये परत हवेत. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, तेही झालं नाही. खुर्च्या कमी आहेत म्हणून माणसांना पाच मिनिटांत कामावर जायला सांगितलं. कुणाला चक्कर आली असती तर पाठीवर पोतं असताना आली असती.

पैसे परत केले की विषय संपला, असं मात्र धरू नका. त्या सातही जणांना डोस दिलेला नाही, हे आपण आपल्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, प्रत्येकाच्या नावे वेगळं लिहून द्यावं. त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे पाठवावी आणि चुकीची नोंद रद्द करून घेण्याचा पाठपुरावा आपल्या माणसाने करावा. हमालांनी तालुक्याच्या गावाहून कचेरीत खेटे घालायचे नाहीत. नोंद रद्द झाल्यावर त्यांना कुठे लस घ्यायची ते त्यांचं ते ठरवतील. आपल्या प्रतिनिधीने व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांची आधार कार्डं पुन्हा मागितली आहेत, ती आम्ही देणार नाही. एकदा दिलेली आपल्याकडे आहेत.

पैसे भरल्याची पावती, मेसेजचे आणि सात प्रमाणपत्रांचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हीच कागदपत्रं घेऊन मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. ते सातही जण माझ्याबरोबर सही करायला तयार आहेत.

आपला,
एक अडत दुकानदार,
मार्केट यार्ड, सांगली