ताप नव्हता

पुणे,
९ जून

प्रिय मध्या,

१८ मेला, तुमच्या नव्या घराच्या कार्यक्रमाला सांगलीला आलो नाही तेव्हा, मला ताप आला नव्हता. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर चार पानं शुगर, गुडघा आणि पावसाची हकिकत लिहीन आणि मुद्दा राहूनच जाईल. शुगर आहे तेवढीच आहे, गुडघा आहे तिथेच आहे, सुधा ठीक. मृग लागला, पण इथे नुसताच उकाडा.

‘असू दे रे, तब्येत आधी,’ असं तू फोनवर म्हणालास ते तीन आठवडे घशात अडकलंय. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्यास तर मी त्या दिवशी नीट जेवलो असतो.

झालं असं की बॅटरी बसली. हसू नकोस. पूर्ण ऐक.

साडेसहाला निघायचं होतं. सुधाने धपाटे केले होते, तुमच्यासाठी घेतलेली समई जुन्या चादरीत गुंडाळून ती जिन्यापाशी उभी. मी दाराच्या मुठीवरचं बटण दाबलं. काही नाही. खिशातली किल्ली, म्हणजे ती काळी साबणाच्या वडीसारखी डबी, दाबून पाहिली. काही नाही. अजिबात आवाज नाही, दिवा नाही, आरसे उघडण्याची ती घरघर नाही. वॉचमन म्हणाला, ‘काका, किल्लीचा सेल गेला असेल.’ सेल बदलला. तरी काही नाही. शेवटी पुस्तिका वाचून कळलं की त्या डबीच्या पोटात एक खरीखुरी लोखंडी किल्ली असते आणि तिचं भोक दाराच्या मुठीवरच्या एका टोपणाखाली लपवलेलं असतं. दोन वर्षं गाडी वापरतोय, मला पत्ता नाही.

दार उघडलं. आता बॉनेट उघडून जंप, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा धक्का, द्यायचा. जंपर केबल माझ्याकडे आहे, सांगलीहून परत येताना तूच घ्यायला लावली होतीस. कुठे आहे? डिकीत. डिकी कशावर उघडते? बॅटरीवर! मी मागची सीट पाडून, गुडघ्यासकट, पोटावर सरपटत डिकीत गेलो. समई घेतलेली सुधा मला पायांकडून बघत होती. छत्तीस वर्षांच्या संसारात तिला माझं हे दर्शन पहिल्यांदाच घडलं असावं.

केबल मिळाली तर दुसरी गाडी मिळेना, सुट्ट्यांमुळे अर्धी सोसायटी गावाला. म्हणून रोडसाइडवाल्यांना फोन केला आणि तो पोरगा येईपर्यंत पायरीवर बसलो. तेव्हा मला सातारा आठवलं.

आबांची फियाट, ८४ ची दिवाळी. मावशींच्या दारात रात्रभर उभी होती, सकाळी सेल्फ मारला तर नुसतं ‘ऊं’ करून गप्प. मग तू आणि बाळ्या राजवाड्यापासून पोवई नाक्याच्या उतारावर ढकलताय, मी आत, आणि तू ओरडतोयस, ‘दुसऱ्यात टाक! क्लच सोड! सोड म्हणतो ना, गाढवा!’ फट् करून सुरू झाली आणि मी न थांबता नाक्यापर्यंत गेलो, कारण थांबलो असतो तर बंद पडली असती. तुम्ही दोघं मागून पळत आलात. आणि मग खंबाटकी संपेपर्यंत भांडण, की आतला दिवा कुणी चालू ठेवला. मी म्हणत होतो तू, सिगारेटचं पाकीट शोधायला. तू म्हणत होतास मी, पेपरातला स्कोअर वाचायला. हे भांडण चाळीस वर्षं चाललंय. बाळ्याच्या तेराव्यालासुद्धा तू विषय काढला होतास.

तर ऐक. त्या पायरीवर बसून मी पेनाने पाकिटाच्या मागे हिशेब केला. (तू एमएसईबीत हयात घालवलीस, मी बँकेत, चुकलं तर लाल पेनाने दुरुस्त करून पाठव.) आतला दिवा पाच वॅटचा. बारा व्होल्टला भागलं की अर्ध्या अँपिअरहूनही कमी. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास, म्हणजे सव्वातीन-साडेतीन अँपिअर-अवर. त्या बॅटरीचा साठा याच मापात चाळीसच्या आसपास तरी असणार. साडेतीनने चाळीस संपत नाहीत! दिवा तू ठेवलेला असो की मी, त्या दिव्याने बॅटरी बसलीच नव्हती. ती आधीच म्हातारी होती आणि आबा ती बदलायची टाळत होते. आपण दोघंही निर्दोष. मी माझा आरोप मागे घेतो. सिगारेटबद्दलचा नाही.

तो पोरगा आला. खांद्याला सॅक, त्यात जेवणाच्या डब्याएवढी एक बॅटरीची पेटी. मीटर लावला, सात पॉइंट काहीतरी व्होल्ट. ‘काका, ही बसली नाही, झोपली.’ मी विचारलं, ढकलून होईल का? तो इतक्या आदराने हसला की मला माझं वय कळलं. ऑटोमॅटिकमध्ये चाक आणि इंजिन यांच्यामध्ये क्लचच्या जागी तेल असतं, चाकं फिरवून इंजिन फिरतच नाही. आणि हातातला गियर असता तरी पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, कॉम्प्युटर सगळं विजेवर. बॅटरी पूर्ण मेली की धक्का देऊन हार्ट अटॅक फक्त ढकलणाऱ्यालाच येणार.

पेटीच्या चिमट्या लावल्या आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. डॅशबोर्डवर मखरातल्या माळेसारखे सगळे दिवे एकदम. मग त्याला मोबाइलमध्ये रीडिंग भरायचं होतं. तो काचेवरचं सर्व्हिसिंगचं स्टिकर बघतो, पुन्हा मीटर बघतो, आणि सुधासमोर मोठ्याने म्हणतो, ‘काका, पाडव्याला सर्व्हिसिंग, ८,४१२. आज ८,४१६. चारच किलोमीटर?’

मध्या, सर्व्हिस सेंटर ते आमचं घर चार किलोमीटर आहे.

आता ते सांगतो, जे सुधालाही माहीत नव्हतं. त्या चार किलोमीटरमध्ये, कर्वे रोडला, एक पोरगं स्कूटरसकट माझ्या बॉनेटसमोर आडवं झालं. लागलं नाही, खरंच नाही. उठलं, पँट झटकली, मलाच ‘सॉरी काका’ म्हणून गेलं. मी सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी तिथेच. मागून हॉर्न. घरी आलो, गाडी लावली, ती लावली ती लावलीच. मंडईत जायचं तर ‘पार्किंग मिळत नाही, रिक्षाने जाऊ.’ आत्याकडे जायचं तर ‘पेट्रोल किती महाग झालंय.’ आणि रोज संध्याकाळी ‘चक्कर मारून येतो’ म्हणून किल्ली घेऊन खाली.

खाली जाऊन काय करायचो? बसायचो. पहिला महिनाभर इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचो, म्हणजे बॅटरी चार्ज होते अशी माझी समजूत. मग तळमजल्यावरच्यांनी धुराची तक्रार केली. मग इंजिन बंद, नुसता रेडिओ. वीस मिनिटं विविध भारती, एक फडका मारायचा काचेवर, वर.

दुसऱ्या दिवशी बॅटरीच्या दुकानदाराने माझी शाळाच घेतली. माणूस तुझ्यासारखा आहे, समोरच्याला मूर्ख ठरवल्याशिवाय समजावत नाही. म्हणाला, गाडीत कुठे करंट गळतोय का ते आधी बघू. काळी वायर काढून मधे मीटर लावला, सगळी दारं बंद केली आणि चहा मागवला. आधी तीन अँपिअरच्या वर दाखवत होतं. मला वाटलं सापडला चोर. तो म्हणाला, थांबा, अजून झोपली नाही. या नव्या गाड्या बंद केल्या की लगेच बंद होत नाहीत. आत डझनाच्या वर छोटे कॉम्प्युटर, ते एकमेकांना निरोप देत देत एकेक करून झोपतात, कधी अर्धा तास लागतो. आणि मधेच कुणी दार उघडलं की सगळे परत जागे, लग्नघरातल्यासारखे. चहा संपेपर्यंत आकडा ०.०३५ वर आला. म्हणजे पस्तीस मिलिअँपिअर. पन्नासपर्यंत ठीकच धरतात. गळती कुठेही नाही. गाडी निर्दोष.

ती पस्तीस मिलिअँपिअर कुणाची? किल्ली जवळ आली का म्हणून कान टवकारून बसलेला रिसीव्हर, चोराचा अलार्म, कॉम्प्युटरची आठवण, आणि मोबाइलवर गाडीचा ठावठिकाणा कळवणारं ते सिमकार्ड. फियाटला यातलं काही नव्हतं. तिचं दार तर तू खिळ्याने उघडायचास. आता गुणून बघ. दिवसाला पाऊण-एक अँपिअर-अवर. माझी बॅटरी ४५ ची. महिनाभर नुसती उभी ठेवली तरी निम्मी गेली. बॅटरीची स्वतःचीही थोडी झीज असते आणि ती उन्हाळ्यात वाढते, एप्रिल-मे म्हणजे तिचे हालच. आणि वर मी! इग्निशन चालू, स्क्रीन चालू, पंखा चालू, म्हणजे आठ-दहा अँपिअर. वीस मिनिटांत तीनेक अँपिअर-अवर. गाडी साडेतीन दिवसांत जेवढं खाते तेवढं मी एका कार्यक्रमात ऐकून उठत होतो.

‘पण मी पाच मिनिटं इंजिन चालवायचो,’ मी म्हणालो. तो म्हणाला, त्याने काय होणार? उभ्या गाडीत आल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज करतो तो) हळू फिरतो, त्यातलं बरंचसं एसी आणि पंखाच खातो, उरलेलं बॅटरीला. शिवाय हल्ली मायलेजसाठी आल्टरनेटरसुद्धा कॉम्प्युटरच्या हुकमात, बॅटरी काठोकाठ भरतच नाही म्हणे काही गाड्यांत. रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालली तर काही उपयोग. निवांत उभ्या बॅटरीला १२.६ व्होल्ट दिसले म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. आणि निम्म्याखाली राहू दिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, ते मग चार्ज करूनही पूर्ण सुटत नाहीत. म्हणजे आता चार्ज होईल, पण पहिल्यासारखी होणार नाही. हे वाक्य तो बॅटरीबद्दल बोलत होता. मी चहाचे पैसे दिले.

पण मी अठरा तारखेचं अर्धंच सांगितलं. गाडी सुरू झाली होती, मध्या. साडेआठच वाजले होते. तो पोरगा म्हणाला, ‘पाऊण तास तरी बंद करू नका. सांगलीला जाताय ना? मग उत्तमच, पोचेपर्यंत फुल्ल.’ एवढं बोलून गेला. सुधा समई मांडीवर घेऊन शेजारी बसली. जेवणापर्यंत सहज पोचलो असतो. मी गाडी गेटपर्यंत आणली. वॉचमनने गेट उघडलं. समोरच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली, जोरात, बस एवढंच. मी गियर पार्कला टाकला आणि बटण दाबून इंजिन बंद केलं.

सुधा म्हणाली, ‘चुकून दाबलंत?’ मी हो म्हणालो. चुकून नव्हतं.

परत दाबलं तर कट-कट-कट-कट, आणि स्क्रीन मालवली. गाडी बरोबर गेटच्या तोंडात. पार्कमधून गियर निघेना, तोही विजेशिवाय निघत नाही. पाठीमागे दूधवाला, दोन स्कूटर आणि जोशांची गाडी. कुणीतरी यूट्यूबवर बघून शोधून काढलं की गियरच्या बाजूला एक बारीक झाकण असतं, त्याखाली काडी खुपसली की सुटतो. सुधाने केसातला आकडा काढून दिला. मग सहाजणांनी ढकलून गाडी जागेवर नेली. मी आतच होतो. या वेळी ‘क्लच सोड’ म्हणणारं कुणी नव्हतं. वर आलो आणि तुला तापाचा फोन केला.

‘एसटीने का आला नाहीस’ हे तू विचारणारच. तुला तीनदा सांगितलं होतं, गाडी घेऊन येतो म्हणून. स्वारगेटहून पिशवी घेऊन उतरलो असतो तर तू गाडी कुठाय विचारलं असतंस आणि मग हे सगळं वीस पाहुण्यांच्या देखत मांडवात सांगावं लागलं असतं.

रात्री सुधाने विचारलं, ‘मग रोज चक्कर कुठे मारत होतात?’ मी म्हणालो पार्किंगमध्ये. ‘काय करत?’ रेडिओ. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘रेडिओ घरात आहे की.’ आहे. पण घरात तो ऐकताना कुणी मला गाडी चालवणारा समजत नाही.

आता तुझं. नवीन घराचे फोटो पाहिले, अंगण छान, पण तुळशीमागची ती केशरी भिंत वहिनींना विचारून केलीस का? अनघाचा व्हिसा झाला का? काकूंच्या कानाचं मशीन आलं का, की अजून तू ओरडतोयस? नळाच्या जोडणीचं तू लिहिलं होतंस त्याचं पुढे काय झालं ते कळव. सविस्तर लिही, मी वाचतो.

आणि एक काम आहे. दुकानदाराने बॅटरी रात्रभर हळूहळू चार्ज करून दिली, परवा घरी मीटरवर १२.५ दाखवत होती. सध्या गाडी चालवायची नसेल तर काळी वायर काढून ठेवा म्हणाला, तशी ठेवलीय. घड्याळ आणि काचांचं सेटिंग जातं, जाऊ दे. तर तू एका रविवारी ये. एसटीने ये, मी स्वारगेटला रिक्षाने येईन. सकाळी लवकर, रस्त्याला गर्दी नसताना, तू शेजारी बस आणि आपण खेड शिवापूरपर्यंत जाऊन येऊ. जायलाच पाऊण तास होतो. ओरडायचं नाही. फारच वाटलं तर ‘गाढवा’ म्हण, बाकी काही बोलू नकोस. वायर लावायला दहा नंबरचा पाना इथे आहे, तुझा आणू नकोस.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
दिग्या

ता. क. समई अजून चादरीतच आहे. कुरियर करू का म्हटलं तर सुधा नको म्हणते. ती हातानेच द्यायची असते म्हणे.