हुबेहूब शिल्प नुसत्या साच्यातून निघत नाही

संपादक महोदय,

रंध्रे, सुरकुत्या आणि लव यांसकट थेट माणूसच वाटणाऱ्या व्यक्तिशिल्पांना वृत्तपत्रांत जागा मिळते, याचा आनंद आहे. पण या बातम्यांत दोन चुका हटकून होतात. पहिली म्हणजे शैलीला ‘अतिवास्तववादी’ म्हटले जाते. मराठीत अतिवास्तववाद म्हणजे सर्रिअॅलिझम, साल्वादोर दालीची स्वप्नचित्रे. ही शिल्पे हायपररिअॅलिझमची आहेत आणि दुसरा शब्द रूढ होईपर्यंत तोच वापरावा. दुसरी चूक म्हणजे असा प्रत्येक पुतळा ‘मेणाचा’ ठरतो. या शैलीतले शिल्पकार डुएन हॅन्सन यांनी पॉलिएस्टर रेझिन आणि फायबरग्लास वापरले, तर याच शैलीतले शिल्पकार रॉन म्यूएक यांच्या कामात सिलिकॉन आणि फायबरग्लास असते.

शब्द बदलले की या चुका मिटतील. खोलवर रुजलेला गैरसमज वेगळाच आहे: जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर साचा घ्यायचा, त्यात ओतायचे, झाले शिल्प!

चेहऱ्याचा ठसा आल्जिनेटने घेतात. ही भुकटी पाण्यात कालवली की काही मिनिटांत घट्ट होते. वरून आधाराला प्लास्टरच्या पट्ट्या बसवतात. ठशात रंध्र न् रंध्र उतरते, हे खरे. पण डोळे मिटलेले असतात, भुवया सैल पडतात, पट्ट्यांच्या वजनाने गाल दबतात आणि माणूस आडवा असेल तर ते कानांकडे ओघळतात. आतून निघतो तो जवळजवळ मृताचा मुखवटा. तो मातीत किंवा मेणात उतरवून डोळे उघडणे, गाल उचलणे, ओठांना ताण देणे हे सगळे हातानेच करावे लागते. हॅन्सन जिवंत माणसांवरून साचे घेत. म्यूएक मातीत घडवतात. त्यांचे ‘डेड डॅड’ (१९९६-९७) जेमतेम १ मीटर लांब आहे, तर ‘बॉय’ (१९९९) बसलेला असूनही सुमारे ५ मीटर उंच. या मापांचा ठसा कोणाच्या अंगावरून घेणार?

माती तेलातली घेतात, कारण पाण्यातली वाळताना आकसते आणि तडकते. रंध्रे उठवताना मातीवर पातळ प्लॅस्टिक पसरून वरून टोचतात, म्हणजे कडा गोलसर राहतात. सगळीकडे सारखी टोचणी केली की चेहऱ्याला संत्र्याच्या सालीची कळा येते. नाकाच्या शेंड्यावर रंध्रे गोल असतात, गालावर ती ताणाच्या दिशेने लांबट होतात. मातीच्या शिल्पावर सिलिकॉन ओतून साचा घेतात आणि त्या साच्यात त्वचेचे सिलिकॉन ओततात. मातीत गंधक असेल, तर प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे सिलिकॉन तिला टेकते तिथे चिकटच राहते. लॅटेक्सच्या हातमोज्यांनीही तेच होते. आठवड्यांचे काम असे वाया जाऊ शकते. म्हणून आधी छोटा तुकडा ओतून पाहावा. मिश्रणातली हवा निर्वात पंपाने काढली नाही, तर त्वचेखाली बुडबुडे राहतात आणि नेमके ते रंगवताना उघडे पडतात.

रंगाची खरी मेख पारदर्शकतेत आहे. मूळ सिलिकॉनमध्ये रंग जास्त पडला की प्लॅस्टिकची बाहुली झालीच समजा. त्यात लाल-निळ्या तंतूंची चिमूटभर पूड मिसळतात, त्यामुळे आत रक्त असल्यासारखी खोली येते. मूळ थर अंतिम छटेपेक्षा उजळ हवा, कारण वरचे पातळ थर त्वचा गडदच करत नेतात. शिवाय सिलिकॉनला सिलिकॉनच धरते. अॅक्रिलिक रंग सोलून निघतो.

सर्वांत जास्त शिल्पे डोळ्यांत फसतात. प्रौढ माणसाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटरचा, त्यातले रंगीत वर्तुळ सुमारे १२ मिलिमीटर. वरची पापणी या वर्तुळाचा १-२ मिलिमीटर भाग झाकते. पूर्ण वर्तुळ दिसले की चेहरा दचकलेला वाटतो. पांढरा भाग शुभ्र ठेवू नये. त्यात किंचित पिवळसर, गुलाबी झाक हवी. पुढची पारदर्शक फुगवटी नसेल, तर प्रकाशाचा ठिपका मेलेला दिसतो. आणि खालच्या पापणीच्या कडेवरची ओली रेघ! केसाएवढी ती चकाकी राहून गेली की डोळा खाचेत बसवलेल्या गोटीसारखा दिसतो, मग बाकी काम कितीही सरस असो.

केस एकेक करून टोचतात. सुईचे नेढे अर्धे कापून केलेल्या बारीक दुबेळक्याने. सरळ खुपसले तर ब्रश होतो. भुवईचे केस नाकाकडच्या टोकाला वर जातात, पुढे बाहेरच्या बाजूला कलतात.

म्हणून विनंती एवढीच, की अशा शिल्पाच्या छायाचित्राखाली साहित्य, मोजमाप आणि पद्धत जरूर छापावी: अंगावरचा ठसा, हाताने घडवलेले की स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरने छापलेले. छायाचित्र समोरून फ्लॅश मारून काढू नये, पृष्ठभाग सपाट दिसतो. उजेड बाजूने घ्यावा, आणि निदान एका चित्रात शेजारी माणूस उभा असावा.

आपला,
एक शिल्पकार वाचक