क्वेनेलच्या जंगलात क्वेनेलचा शब्द चालू द्या: ब्रिटिश कोलंबियाच्या वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा

सप्रेम नमस्कार.

फ्रेझर आणि क्वेनेल या नद्यांच्या संगमावरच्या, जेमतेम दहा हजार वस्तीच्या क्वेनेलमधून हे पत्र लिहिते आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीतून लिहिते आहे ते या प्रांतातल्या मराठी कुटुंबांसाठी. जंगलाच्या प्रश्नावर त्यांनीही आपल्याकडे आवाज उठवावा, अशी माझी इच्छा आहे.

आमच्या कॅरिबू भागातल्या सोन्याची गोष्ट मी आपल्याला सांगायला नको. १८६२ साली विल्यम्स क्रीक या ओढ्यावर सोनं शोधणाऱ्या बिली बार्करला घबाड लागलं आणि खाणींकडे जाणारा माल क्वेनेलच्या धक्क्यावर उतरू लागला. सोनं गेलं. खुद्द बार्कर १८९४ मध्ये व्हिक्टोरियात कफल्लक अवस्थेत वारला. गावाला पुढे तगवलं ते लाकडानं. १९५५ साली केचम बंधूंनी इथल्या एका छोट्या गिरणीपासून वेस्ट फ्रेझर कंपनी उभी केली. पंजाबातून आलेली कितीतरी कुटुंबं इथल्या गिरण्यांच्या पगारावर स्थिरावली, त्यांनी इथे गुरुद्वारा बांधला.

मग पाइनला कीड लागली. माउंटन पाइन बीटल हा तांदळाच्या दाण्याएवढा किडा. पूर्वी हिवाळ्यात पारा उणे चाळीसच्या आसपास जाऊन टिकला की सालीखालच्या अळ्या मरायच्या. हिवाळे सौम्य झाले आणि अळ्या जगू लागल्या. त्यात वर्षानुवर्षं आगी विझवत राहिल्यामुळे म्हाताऱ्या पाइनची सलग जंगलं उभी होती. किड्यानं मारलेल्या झाडाची फळी पाहिली आहेत का? बुरशीमुळे तिच्यावर निळसर करडी झाक येते, ती एक वेळ चालते. पण झाड उभ्या उभ्या वाळून त्याला पीळदार भेगा पडल्या की सॉमिलच्या, म्हणजे फळ्या कापणाऱ्या गिरणीच्या, दृष्टीनं ते गेलंच. म्हणून सरकारनं तोडीची मर्यादा वाढवली, घाईघाईनं तोड झाली, आणि नंतर ती मर्यादा उतरणारच होती. २०१४ मध्ये एक सॉमिल बंद पडली, २०१९ मध्ये आणखी एक. मधल्या २०१७ च्या उन्हाळ्यात गावाच्या पश्चिमेला प्लॅटो नावाच्या वणव्यानं पाच लाखांहून जास्त हेक्टर जंगल गिळलं.

हे सारं किड्यावर आणि हवामानावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. या प्रांतातली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन सरकारी आहे. कुठे किती तोडायचं, हे प्रांताच्या राजधानीत ठरतं. कंपन्यांना मिळतो तो बहुतांशी घनमीटरचा, म्हणजे ठरावीक इतकं लाकूड तोडण्याचा हक्क. अमुक एका डोंगरउताराची पन्नास वर्षं काळजी घेण्याची जबाबदारी त्यात कुणावरच येत नाही.

माझी मागणी सरळ आहे. गावाभोवतालचं जंगल घनमीटरऐवजी क्षेत्रानुसार, दीर्घ मुदतीनं, ल्हटाको डेने आणि शेजारच्या इतर आदिवासी राष्ट्रांकडे व क्वेनेल नगरपालिकेकडे मिळून सोपवा. ल्हटाको डेनेंची ही भूमी सोन्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे, तेव्हा पहिला शब्द त्यांचा. २०२४ चे ब्रिटिश कोलंबियाचे हिवाळी खेळ त्यांनी आणि नगरपालिकेनं मिळून भरवले, म्हणजे एकत्र काम करणं इथे नवं नाही.

दुसरं, तोडीनंतर उरणाऱ्या फांद्या-शेंड्यांचं. त्यांचे घराएवढे ढीग रस्त्याकडेला रचतात आणि शरदात, पाऊस-बर्फाच्या तोंडावर, पेटवून देतात. तो धूर खोऱ्यात दिवसच्या दिवस साचतो, दम्याच्या माणसांना खिडकी उघडता येत नाही. हेच लाकूड आणि विरळणीतली बारीक झाडं कागदाचा लगदा करणाऱ्या पल्प गिरणीला, जळणाच्या पेलेट गोळ्यांना चालतात. अडतं ते वाहतुकीच्या खर्चावर. वणव्याशी झुंजायला आपण दर उन्हाळ्यात पैसा ओतता. त्यातला काही भाग या वाहतुकीला द्या. गावाभोवतीचं जळाऊ ओझं कमी होईल आणि ट्रक चालवणाऱ्यांनाही काम मिळेल.

येत्या शरदात ढीग पेटवण्याचे परवाने देण्याआधी आपण क्वेनेलला यावं, आणि अधिकाऱ्यांसोबत ल्हटाको डेनेंच्या प्रतिनिधींनाही बैठकीला बोलवावं. तारीख कळवा, आम्ही गावकरी हजर राहू.

आपली,
क्वेनेलची एक रहिवासी