न शिजणारी चवळी आणि वाया जाणारा गॅस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञानाच्या पानावरच्या ग्रह-ताऱ्यांच्या, नव्या औषधांच्या बातम्या मी आवडीने वाचते. पण कडधान्य का शिजत नाही यावर जगभर इतकं संशोधन झालेलं असताना ते त्या पानावर कधी दिसलं नाही, म्हणून हे पत्र.

राजारामपुरीत माझी छोटी खानावळ आहे. जेवायला बहुतेक विद्यार्थी. गेल्या श्रावणात रात्री तीन किलो चवळी भिजत घातली. सकाळी दाणे टम्म फुगले होते, म्हणजे गणंग नव्हते. गणंग दाणा पाणी पीतच नाही, हाताला लगेच लागतो. ही चवळी भिजली, तरी शिजेना. दोन तास पातेलं खळाखळा उकळत होतं. दाणा चिमटीत दाबला की साल सुटायचं आणि आत खडूसारखा कच्चा गर. लिटरच्या तांब्याने चार वेळा वरून आधणाचं पाणी घातलं. शेवटी ताटावर बसलेल्या मुलांना पिठलं-भात वाढला. फार वाईट वाटलं.

दुकानदार म्हणाला, "माल चांगला आहे वहिनी, तुमचं पाणी जड असेल." अन्नतंत्रज्ञान शिकणाऱ्या माझ्या भाचीने समजावून सांगितल्यावर कळलं, त्याचं म्हणणं अर्धंच खरं होतं.

दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. उकळताना पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात, त्यालाच आपण शिजणं म्हणतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे पेक्टिन घट्ट बांधून ठेवतात. बोअरच्या जड पाण्यातून ते बाहेरून येतात, इथवर दुकानदार बरोबर. पण ते दाण्याच्या आतही असतात, फायटिक आम्लाने धरून ठेवलेले. कडधान्य उष्ण, दमट जागी महिनोन् महिने पडून राहिलं की दाण्यातलंच फायटेज नावाचं विकर हे आम्ल फोडतं. सुटलेलं कॅल्शियम पेक्टिनला जाऊन मिळतं. दाणा न शिजण्याचं हे एक मोठं कारण. मटकीला मोड येताना हेच विकर आपल्या उपयोगी पडतं, कारण फायटिक आम्ल कमी झालं की त्यातलं लोह आणि जस्त अंगी लागतं. पोत्यात पडलेल्या चवळीत मात्र ते आपल्या मुळावर येतं. माझं पोतं वैशाखापासून पत्र्याखालच्या माळ्यावर होतं. तिथे आधी ऊन, मग कोल्हापूरचा पाऊस.

आता गॅसचं. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सातपट त्याची वाफ करायला लागते. शेगडी 68 टक्के कार्यक्षम धरली, तरी एक लिटर पाणी उडवायला साधारण 70 ग्रॅम गॅस जातो. म्हणजे त्या दिवशी नुसत्या वाफेत पाव किलोहून जास्त गॅस गेला. आणि जाळ मोठा केला म्हणून पाणी जास्त तापत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांनाच उकळतं. मोठ्या जाळाने फक्त वाफ वाढते. कुकरमध्ये दाबामुळे तापमान 120 अंशांपर्यंत चढतं, म्हणून तो वेळ वाचवतो. पण शिट्टी झाल्यावर आच बारीक न करता शिट्ट्या मोजत बसलं तर तिथेही वाफच जाते.

आता मी कडधान्य भिजवताना लिटरला चमचाभर मीठ घालते. मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं. ते पाणी ओतून देते आणि शिजवायला नळाचं पाणी घेते. चिंच किंवा आमसूल शिजल्यावरच. आंबटाने दाणा आखडतो हे आमच्या सासूबाई सांगायच्या, ते शास्त्रालाही धरून आहे. सोडा टाकला की पटकन शिजतं, पण ब-1 जीवनसत्त्व नाश पावतं. वाढत्या वयाच्या मुलांना वाढायच्या आमटीत मी तो घालणार नाही.

आपल्याला माझी विनंती आहे, हा विषय एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लिहून घ्या. शिवाजी विद्यापीठ इथून जवळ आहे, तिथल्या प्राध्यापकांना विचारता येईल. पाकिटावर पॅकिंगचा महिना असतो, पण माल कोणत्या हंगामाचा ते कळत नाही, आणि सुट्या मालावर तर काहीच नसतं. आपल्या वार्ताहराने धान्य व्यापाऱ्यांना हे एकदा जरूर विचारावं. तोवर मी पोतं घेण्याआधी मूठभर दाणे घरी आणून शिजवून बघते. दुकानदार कुरकुरतो, पण देतो.

आपली,
एक खानावळवाली, राजारामपुरी, कोल्हापूर