तुळशीच्या कुंडीखालची बशी

ती. मावशी,
सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालू नका असे तुम्ही बजावले होते, म्हणून नुसते मावशीच म्हणते. भोवऱ्याला, तुमच्याकडच्या त्या डगमगत्या मांजराच्या पिल्लाला, घरी आणून आज तीन महिने झाले, तरी प्राण्यांच्या शेल्टरमधली ती शनिवारची दुपार आठवली की अजून गळा दाटून येतो.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोघांचे मत घेतले होते. एका पशुवैद्यांनी माझ्या मोबाइलवरचा त्याचा व्हिडिओ अर्धाच पाहिला, ‘मेंदूचे दुखणे आहे, वाढतच जाणार, कशाला गळ्यात लोढणे बांधून घेता’ असे सांगितले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. स्वतःला प्राणिमित्र म्हणवणाऱ्या एका बाईंनी दुसरेच टोक गाठले; मी त्याला नेले नाही तर त्याचे पाप माझ्या माथी, असा त्यांचा रोज रात्री मेसेज येई. एकाने भीती घातली, दुसरीने लाज. मी एकटी राहते, दिवसाचे नऊ-दहा तास घराबाहेर असते आणि घरात वाढलेले मांजर सहज पंधरा वर्षे जगते, हा साधा हिशेब माझ्याबरोबर बसून करायला मात्र कोणालाच सवड नव्हती.

तुम्ही आधी मला फरशीवर बसवलेत. पिल्लू समोरच्या स्टीलच्या ताटलीकडे तोंड नेई, तसे त्याचे डोके जोरजोरात हलू लागे, हनुवटी काठावर आपटे आणि ताटली गुळगुळीत फरशीवरून पुढे सरके. मग ते चारही पाय फाकवून तोल सावरत पुन्हा तिच्या मागे. मला ते पाहवेना. तुम्ही काही न बोलता उठलात, दारातल्या तुळशीच्या कुंडीखालची मातीची जड बशी काढलीत, घासून धुतलीत, पायपुसणे अंथरून त्यावर एक वीट आणि विटेवर ती बशी ठेवलीत. पिल्लाच्या बरगडीला नुसता तळहात टेकवलात, भिंतीसारखा. ते पोटभर जेवले आणि तिथेच झोपले, तेव्हा झोपेत त्याचा एक केसही थरथरत नव्हता, हे तुम्हीच मला बोटाने दाखवलेत. त्यानंतर तुम्ही म्हणालात, ‘नाही म्हणालात तरी चालेल हो. मी आहे ना त्याला.’

मावशी, त्या ‘नाही तरी चालेल’मुळेच मला हो म्हणता आले.

पुढे तुमच्या डॉक्टरांनी सगळे नीट उलगडून सांगितले. आई गाभण असताना तिला पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या रोगाच्या विषाणूची लागण झाली, तर पोटातल्या पिल्लाच्या, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूची वाढ खुंटते आणि त्याला तोल साधत नाही; हे बरे होत नाही, पण वाढतही नाही, त्याने पिल्लाला वेदना होत नाहीत आणि आयुष्यही कमी होत नाही. त्या पहिल्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हते, की सांगण्याचा कंटाळा होता, कोण जाणे. ठाऊक नसेल तर तसे सांगण्यात कमीपणा कसला?

आता घरभर रबरी चटया अंथरल्या आहेत, खिडक्यांना जाळ्या बसवल्या आहेत आणि त्याच्या शी-शूच्या ट्रेची एक बाजू कापून बुटकी केली आहे, कारण उंच काठ ओलांडताना भोवरा नेमका तोंडावर पडे. तो अजूनही पडतोच, दिवसातून वीसदा तरी. पण पडल्याची लाज त्याला नाही, आणि हल्ली मलाही वाटत नाही. आमच्या इमारतीतल्या आजी आधी ‘बिचारे’ म्हणून हळहळायच्या, आता संध्याकाळी त्याच खाली बसून त्याच्या बरगडीला हात टेकवतात. मी त्यांना तसे कधी शिकवले नव्हते. भल्या माणसांना अशा गोष्टी आपोआप सुचत असाव्यात, आणि ती आपल्या चांगुलपणाची जाहिरात करत नाहीत म्हणूनच बहुधा आपल्याला उशिरा भेटतात.

येत्या रविवारी तुमच्या कुंडीसाठी नवी बशी घेऊन येते. जुनी मात्र परत मागू नका. निघताना ती तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली होती आणि भोवरा अजून दुसऱ्या कशातच जेवत नाही.

तुमची,
भोवऱ्याची आई