पक्षाबाबत तटस्थ, कायद्याबाबत नाही

महोदय,

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्याकडच्या चर्चेत युटाचा उल्लेख ‘मॉर्मन चर्च सांगेल त्याला मत देणारे राज्य’ असा सर्रास होतो. (हा अमेरिकेत जन्मलेला, युटात बहुसंख्य असलेला ख्रिस्ती पंथ.) ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे या चर्चचा खरा राजकीय प्रभाव नजरेतून सुटतो. कोणाला मत द्यावे हे चर्च सांगत नाही. कायदा कसा असावा हे मात्र सांगते, आणि तेही ठामपणे.

करमुक्त धार्मिक संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला अमेरिकी करकायद्याने १९५४ पासून बंदी आहे. एखाद्या विधेयकावर मर्यादित प्रमाणात बाजू घेता येते. चर्चचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. पूर्णवेळ वरिष्ठ पदाधिकाऱ्यांनी कुणाचा प्रचार करायचा नाही, देणगीही द्यायची नाही. स्थानिक मंडळीचा प्रमुख, म्हणजे बिशप, बिनपगारी असतो, पोटापाण्यासाठी नोकरीधंदा करतो. त्याला व्यक्ती म्हणून राजकारणात भाग घेता येतो, पण चर्चची इमारत, सभासदांची यादी किंवा आपले पद त्यासाठी वापरता येत नाही. जून २०२३ मध्ये चर्चच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळाने सभासदांना लिहिले की उमेदवारांचा अभ्यास न करता, निव्वळ परंपरा म्हणून एकाच पक्षाला सरसकट मते देणे हा लोकशाहीला धोका आहे. सिनेटमधील डेमोक्रॅटांचे माजी नेते, दिवंगत हॅरी रीड आणि २०१२चे राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी हे दोघेही याच चर्चचे.

या कडकपणाला इतिहास आहे. चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ इलिनॉय राज्यातील नॉवू शहराचा महापौर होता, आणि १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार असतानाच जमावाने तुरुंगात घुसून त्याला ठार केले. पुढे ब्रिगहॅम यंग एकाच वेळी चर्चचा अध्यक्ष आणि युटा प्रदेशाचा गव्हर्नर होता. वॉशिंग्टनला हे खपले नाही. मॉर्मनांमध्ये तेव्हा रूढ असलेल्या बहुपत्नीत्वाच्या मुद्द्यावरून १८८७च्या केंद्रीय कायद्याने चर्चची कायदेशीर संस्थाच बरखास्त केली आणि मालमत्तेवर टाच आणली. १८९० मध्ये चर्चने नव्या बहुपत्नी विवाहांना मान्यता नसल्याचे जाहीर केले. १८९१ मध्ये मॉर्मनांचा स्वतंत्र ‘पीपल्स पार्टी’ हा पक्ष मोडला आणि सभासदांनी दोन्ही राष्ट्रीय पक्षांत विभागून जावे, असा आग्रह धरला गेला. युटाला राज्याचा दर्जा मिळाला तो १८९६ मध्ये, आणि त्याच्या घटनेत स्पष्ट कलम आहे : चर्च आणि राज्य यांचा संयोग असणार नाही, कोणतेही चर्च राज्यावर वर्चस्व गाजवणार नाही.

तरीही बहुसंख्य आमदार ज्या चर्चचे सभासद आहेत, त्याचा शब्द विधिमंडळात वजनदार असणारच. २०१८ चे उदाहरण पाहावे. वैद्यकीय गांजाला परवानगी देणारा ‘प्रस्ताव २’ मतपत्रिकेवर आला, म्हणजे त्यावर मतदारांनी थेट कौल द्यायचा होता. चर्चने त्याला उघड विरोध केला. मतदानाच्या महिनाभर आधी विधिमंडळाचे नेते, चर्चचे प्रतिनिधी आणि प्रस्तावाचे काही समर्थक यांच्यात तडजोडीचा मसुदा ठरला. ६ नोव्हेंबरला सुमारे ५३ टक्के मतदारांनी मूळ प्रस्ताव मंजूर केला, आणि ३ डिसेंबरच्या विशेष अधिवेशनात विधिमंडळाने त्याजागी तडजोडीचा, अधिक जाचक कायदा आणला. हे सारे कायद्याच्या चौकटीत झाले, पण मला ते सर्वांत चिंताजनक वाटते. एकही उमेदवार न निवडता मतदारांचा कौल बदलून घेता आला.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियात गोष्ट वेगळी होती. समलिंगी विवाह रोखणाऱ्या ‘प्रस्ताव ८’साठी वेळ आणि पैसा द्या, असे पत्र रविवारच्या उपासनेत वाचून दाखवले गेले. २०१० मध्ये चर्चला ५,५३९ डॉलर दंड झाला, तो प्रचार केला म्हणून नव्हे, तर शेवटच्या दोन आठवड्यांतील सुमारे ३७ हजार डॉलरच्या बिगररोख मदतीची नोंद वेळेत दिली नाही म्हणून. कायदा बोट कुठे ठेवतो हे यावरून कळते.

सभासद दरवेळी ऐकतातच असेही नाही. चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष हीबर ग्रँट देशभरातील दारूबंदी टिकावी म्हणून झटत होते. ५ डिसेंबर १९३३ रोजी ती उठवण्यासाठी लागणारे ३६वे आणि निर्णायक राज्य ठरले ते युटाच.

युटात राहायला गेलेल्या मराठी पालकांना हा विषय शाळेत भेटतो. माध्यमिक शाळेला लागून चर्चच्या ‘सेमिनरी’ची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गांची, इमारत असते आणि मुले एका तासिकेला तिथे जातात. ही सोय ऐच्छिक आहे. पालकांच्या संमतीशिवाय मुलाला पाठवता येत नाही. १९८१ मध्ये युटातील लोगन शहराच्या खटल्यात फेडरल अपील न्यायालयाने धर्मशिक्षणासाठी मुलांना अशी तासिकाभर शाळेबाहेर सोडणे घटनेला धरून असल्याचे मान्य केले, पण शाळेच्या माणसाने सेमिनरीत जाऊन हजेरीच्या चिठ्ठ्या गोळा करणे चूक ठरवले. तिथल्या बायबल वर्गांना शाळेने श्रेयांक (क्रेडिट) देण्याची पद्धतही नाकारली. शाळेच्या वेळापत्रकात मुलापुढे ती तासिका न विचारता लिहिलेली दिसली, तर समुपदेशकाला लेखी कळवून त्याजागी दुसरा विषय मागावा.

आपला,
एक वाचक, पुणे